विभक्त आईबापांचे मूल : उपदेशकांकरिता एक पाठ

शास्त्रपाठ : उत्पत्ति, अध्याय २१, वचने ९ ते २१, अध्याय २५, वचन ९.

हा शास्त्रभाग आपल्या मंडळ्यांत वेळोवेळी वाचला जातो. परंतु त्यावर होणारा उपदेश बहुधा सारा व हागार ह्या दोन स्त्रियांच्या कलहाविषयी, नाही तर वचनाच्या पुत्राविषयी असतो. आम्हीही पुष्कळ वर्षे तसाच उपदेश करीत आलो. त्या घरातून जो मुलगा बाहेर पडला त्याच्याकडे आम्ही नीट पाहिले नव्हते. आज वाचकांनी आमच्याबरोबर इश्माएलाकडे पाहावे, अशी विनंती आहे.

अब्राहाम दरिद्री नव्हता. त्याच्यापाशी कळप होते, चाकर होते, सोनेरुपे होते. असे असता आपल्या पोटच्या मुलास व त्याच्या आईस घालवून देताना त्याने काय दिले? काही भाकर व पाण्याची एक मसक. तेही पहाटे, लोक जागे होण्यापूर्वी. देवाने त्याला सारेचे ऐकावयास सांगितले होते हे खरे. परंतु मसक एकच द्यावी असे सांगितल्याचे शास्त्रात कोठे आढळत नाही. पुढे बैर-शेबाच्या रानात पाणी संपले, आईने मुलाला एका झुडपाखाली टाकले, आणि त्याचे मरण डोळ्यांनी पाहावे लागू नये म्हणून ती बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन बसली व रडू लागली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रडणे सांगितले आहे ते आईचे. परंतु देवाने ऐकली म्हणून सांगितले आहे ती मुलाची वाणी. आईबापांच्या भांडणात जो कोणाला ऐकू येत नव्हता तो देवाला ऐकू आला.

कोणी म्हणेल, ही फार प्राचीन काळची व परदेशची गोष्ट. परंतु आमच्या फेरीतील खेड्यांत, तापीच्या दोन्ही तीरांवर, हीच गोष्ट दरवर्षी घडताना आम्ही पाहतो. नवराबायकोचे पटत नाही. बायको मूल कडेवर घेऊन माहेरी जाते. नवरा सुरतेस मागावर जातो, किंवा उचल घेऊन गुजरातेतील साखर कारखान्यांच्या ऊसतोडीस निघून जातो. कोर्टात कोणी जात नाही. मग दोन्हीकडचे लोक बसतात, फारकतीचा कागद होतो, आणि त्या कागदात भांडी, दागिने, लग्नाचा खर्च, कोठे कोठे देजाचा पैसा, ह्या सर्वांचा हिशोब लिहिला जातो. मुलाविषयी मात्र एकच ओळ असते : मूल अमक्याकडे राहील.

ख्रिस्ती कुटुंबांत अशा कागदांची चाल पडण्यास एक जुने कारणही आहे, आणि ते उपदेशकांस ठाऊक असावे. ख्रिस्ती लोकांचा घटस्फोटाचा कायदा १८६९ सालचा. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. परंतु बायकोला नुसत्या छळावरून किंवा नवऱ्याने टाकून दिल्यावरून सुटका मिळत नसे, त्याबरोबर व्यभिचारही सिद्ध करावा लागे. खेड्यातील गरीब बाई हे कोठून सिद्ध करणार? म्हणून ती निमूटपणे माहेरी बसे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने हा भेद रद्द ठरविला, आणि २००१ साली संसदेने कायदाच सुधारला. आता छळ किंवा दोन वर्षांचा त्याग एवढ्यावरून बाईसही दाद मागता येते. दार उघडून इतकी वर्षे झाली. परंतु दाराबाहेर बसण्याची सवय गेली नाही.

येथे आम्हांस आमचीच एक चूक सांगणे भाग आहे. सुमारे आठ वर्षांपूर्वी एका मंडळीतील तरुण जोडपे विभक्त झाले. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. मंडळीचे चार पंच व आम्ही उपासनामंदिराच्या पडवीत बसलो आणि शंभर रुपयांच्या मुद्रांकावर तीन कलमे लिहिली. मुलगा आईकडे राहील. आई बापाकडे काही मागणार नाही. बाप मुलास भेटावयास येणार नाही. दोघांनी सह्या केल्या. साक्षीदार म्हणून पहिली सही आमची. प्रार्थना झाली, चहा झाला, आणि तंटा मिटविल्याचे समाधान बाळगून आम्ही घरी आलो.

गेल्या वर्षी तो मुलगा शब्बाथशाळेत आमच्यापाशी आला. अकरा वर्षे पूर्ण झालेली. शाळा सुटलेली, कारण कापूस वेचणीच्या दिवसांत तो आईबरोबर शेतात जाऊ लागला तो पुन्हा वर्गात गेलाच नाही. त्याने आम्हांस हळूच विचारले, "पाळकसाहेब, मना बाप कोठे शे?" आम्हांस उत्तर ठाऊक होते, कारण सुरतेचा पत्ता आमच्या वहीत होता. तरी त्या क्षणी आमच्या तोंडून शब्द निघेना. पुढे आम्ही सुरतेस जाऊन त्या बापास गाठले व मुलाची शाळा सुटल्याचे सांगितले. आमच्या मनात त्याला चार कठोर शब्द ऐकवावे असे होते. तो म्हणाला, "मी पहिल्या वर्षी पैसे पाठविणार होतो. पण कागदावर तुमचीच सही होती." त्यावर आम्ही काय बोलावे?

तो कागद कायद्याने फोल होता हे आम्हांस नंतर कळले. आईबाप आपापसांतील देणेघेणे सोडू शकतील. परंतु मुलाची पोटगी ही मुलाची आहे, आणि जी वस्तू आपली नाही ती आईला सोडून देता येत नाही. तसा लेख झाला तरी न्यायालय तो मुलाच्या आड येऊ देत नाही. हे आम्ही त्या दिवशी कोणा जाणत्या वकिलास विचारले असते तर एका मुलाची शाळा वाचली असती.

आता कायद्यातील ज्या गोष्टी आपल्या लोकांच्या उपयोगी पडतील त्या सांगतो. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली तिच्या १४४ व्या कलमाप्रमाणे पोटगी मागता येते. त्यापूर्वी हेच कलम १९७३ च्या संहितेत १२५ वे होते, आणि जुने लोक व पुष्कळ वकील अद्याप त्याला "एकशे पंचवीस" असेच म्हणतात. हे कलम सर्व धर्मांच्या लोकांस सारखेच लागू आहे. ऐपत असून जो बाप आपल्या अज्ञान मुलास पोशीत नाही त्याला मॅजिस्ट्रेट, किंवा कुटुंब न्यायालय असेल तेथे ते न्यायालय, दरमहा रक्कम देण्याचा हुकूम करते. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाचाही हा हक्क आहे. पूर्वी ५०० रुपयांहून अधिक देवविता येत नसे. ती मर्यादा २००१ साली काढून टाकली. त्याच वर्षीच्या सुधारणेप्रमाणे, मुख्य अर्जाचा निकाल लागेपर्यंत द्यावयाच्या तात्पुरत्या पोटगीचा अर्ज, नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकालात काढावयाचा असतो.

आपल्या खेड्यांत एक समज फार पसरला आहे. तो असा की, बाईचे आचरण वाईट ठरले तर तिला व तिच्या मुलालाही काही मिळत नाही. हे खोटे आहे. बायको व्यभिचारात राहत असेल तर तिची पोटगी बंद होऊ शकते. मुलाची होत नाही. मंडळीच्या पंचांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण आईला शिस्त लावण्याच्या भरात आपण मुलाच्या ताटातील भाकर उचलतो.

दुसरा समज असा की, नवरा गुजरातेत गेला म्हणजे हाताबाहेर गेला. हेही खरे नाही. बाई आपल्या माहेरी राहत असेल तर त्याच जिल्ह्यात तिला अर्ज करता येतो. आणि हुकूम झाल्यावर नवरा जेथे असेल तेथील मॅजिस्ट्रेटकडून त्याची अंमलबजावणी करून घेता येते, मग ते नवापूर असो की सुरत. थकलेल्या प्रत्येक महिन्याबद्दल त्याला एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगल्याने देणे फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली ठरविले आहे. मात्र थकबाकी वसुलीचा अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. पुष्कळ बाया "पुढच्या हंगामानंतर पाहू" असे म्हणतात आणि वर्ष निघून जाते. उपदेशकाने तारखांची आठवण दिली तरी मोठे काम होईल.

वेळ दवडल्याने काय होते ह्याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. नागपूरच्या एका दांपत्याच्या वादात बाईने २०१३ साली तात्पुरती पोटगी मागितली. कुटुंब न्यायालयाचा हुकूम ऑगस्ट २०१५ मध्ये झाला. मुलाकरिता आरंभी दरमहा ५,००० व पुढे १०,००० रुपये ठरले. नवऱ्याने वाद वर नेला आणि सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा ४ नोव्हेंबर २०२० रोजी लागला. आरंभी जे तान्हे होते ते मूल निवाड्याच्या दिवशी सात वर्षांचे होते. असे पुन्हा होऊ नये म्हणून त्या निवाड्यात सर्व देशाकरिता नियम घालून दिले : दोघांनीही आपली मिळकत, खर्च व कर्ज ह्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी. नवऱ्याने कोर्ट लांबविले म्हणून त्याचा फायदा होऊ नये, हा त्यातील हेतू.

मुलाचा ताबा व भेट ह्यांविषयी दुसरा कायदा आहे, १८९० सालचा पालक व पाल्य अधिनियम. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर त्याच दाव्यात ताब्याचा हुकूम मागता येतो. तसा दावा नसेल तर ह्या कायद्याखाली, मूल जेथे नेहमी राहते तेथील जिल्हा न्यायालयात किंवा कुटुंब न्यायालयात अर्ज करावा लागतो. पूर्वी बापाचा शब्द जवळजवळ अंतिम असे. १८४३ साली मुंबईस रेव्ह. नारायण शेषाद्रि ह्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा, मिशनच्या आश्रयास आला असता तेथील सुप्रीम कोर्टाने त्यास बापाच्या स्वाधीन केले, ही गोष्ट आपल्या मंडळीच्या इतिहासात प्रसिद्धच आहे. आज न्यायालय प्रथम मुलाचे हित पाहते. त्याचे वय, धर्म, आईबापांची वर्तणूक व ऐपत पाहते, आणि मूल समजते झाले असेल तर त्याची इच्छाही विचारात घेते. २०१० सालच्या सुधारणेने ह्या कायद्यात बापाच्या शेजारी आईचे नाव बसले. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका अविवाहित ख्रिस्ती मातेच्या प्रकरणात, बापाचे नाव उघड न करता व त्याला नोटीस न देता तिला एकटीला पालक होता येईल, असे ठरविले.

ह्याहून जुना, १९७३ सालचा, एका ख्रिस्ती दांपत्याच्या वादातील निवाडा आहे. मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत व त्यांची खेळणीही नव्हेत, असा त्याचा आशय. आणि जानेवारी २०२० च्या एका निवाड्यात न्यायालयाने म्हटले की, मुलाला दोघांच्याही मायेचा हक्क आहे. ज्याच्यापाशी ते राहत नाही त्यालाही भेट मिळावी, आणि रोज पाच-दहा मिनिटे बोलता यावे. हातात मोबाइल नाही असे घर आता आपल्या खेड्यांत थोडेच; तेव्हा हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

परंतु आम्हांस जी गोष्ट सर्वांत अधिक जाचते ती कायद्याच्या पुस्तकातली नाही. बाप म्हणतो, "मूल दाखवीत नाही, मग पैसे का देऊ?" आई म्हणते, "पैसे देत नाही, मग मूल का दाखवू?" दोघेही बरोबर बोलत आहेत असे ऐकणाऱ्यास वाटते, आणि पंचही मान डोलावतात. पण ह्या सौद्यात माल कोण आहे ते पाहा. भाकर मुलाची आणि भेटही मुलाची. एक अडली म्हणून दुसरी अडविणे म्हणजे ज्याने काहीच केले नाही त्याला दोनदा दंड करणे होय. बाप भेटीस मुकला असेल तर त्याने न्यायालयात भेट मागावी, पैसे पाठवीत राहून मागावी. आई पैशास मुकली असेल तर तिने पोटगीची वसुली मागावी, मूल भेटवीत राहून मागावी. ह्याला एक अपवाद आम्ही मानतो. बाप मारहाण करणारा असेल, किंवा मुलाच्या जिवास वा अब्रूस धोका असेल, तर भेट आपण पडवीत बसून ठरवू नये. ती न्यायालयाने ठरवावी व कोणाच्या देखरेखीखाली व्हावी तेही त्यानेच सांगावे. अशा आईला "क्षमा कर व मूल पाठव" असा उपदेश करणारा उपदेशक अन्याय करतो.

आणखी एक नाजूक विषय आहे. दोघांपैकी एकानेच ख्रिस्ती धर्म स्वीकारला असेल तर मूल हे दोन धर्मांच्या ओढाताणीत सापडते. रेव्ह. नारायण वामन टिळकांचे घर वाचकांस आठवेल. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, लक्ष्मीबाई आपल्या माणसांत राहिल्या, आणि लहानगा दत्तू आईपाशी राहिला. तो दुरावा काही वर्षे टिकला. लक्ष्मीबाईंनी ते दिवस "स्मृतिचित्रे" ह्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहेत. ज्या उपदेशकाने ते वाचले नसेल त्याने इतर सर्व काम बाजूस ठेवून वाचावे. पुढे लक्ष्मीबाई नगरास आल्या व १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. परंतु आम्हांस येथे सांगावयाचे आहे ते मुलाविषयी. बापाने आरंभिलेले व आईने पुढे चालविलेले "ख्रिस्तायन" शेवटी पूर्ण केले ते ह्याच मुलाने, देवदत्त नारायण टिळकांनी. दोघांपैकी एकाचे नाव त्याच्यापुढे काळे करून ठेवले असते, तर त्याने दोघांचे काम हाती घेतले असते काय? म्हणून एकाच पालकाच्या सांगण्यावरून, दुसऱ्याला चिडविण्याकरिता घाईने मुलाचा बाप्तिस्मा उरकू नये, असे आमचे मत आहे. ह्यावर काही बंधू आम्हांशी सहमत नाहीत हे आम्ही जाणतो.

आता उपदेशकाने करावे काय? मिटवामिटव करू नये असे आम्ही म्हणत नाही. नवराबायको पुन्हा एकत्र येत असतील तर त्याहून चांगले काय? पण ती येत नसतील तर मुलाविषयी एक ओळ लिहून उठू नये. दरमहा किती, कोणत्या तारखेस, बँकेतून की पोस्टातून. शाळेचा खर्च व आजारपण कोणाकडे. भेट कोणत्या दिवशी, कोठे, किती वेळ. नाताळात व उन्हाळ्याच्या सुट्टीत मूल कोठे राहील. हे सर्व लिहावे. पैसे हातोहात देऊ नयेत, कारण त्याचा पुरावा राहत नाही व पुढे शपथा वाहाव्या लागतात. आणि हे लिहून झाल्यावर कागद पेटीत न ठेवता न्यायालयापुढे न्यावा. वकिलाच्या फीची भीती पुष्कळांस वाटते. परंतु १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमाती ह्यांस मिळकत न पाहता फुकट वकील मिळतो. जळगाव, धुळे व नंदुरबार येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, किंवा तालुक्याच्या न्यायालयातील समितीकडे जावे; १५१०० ह्या क्रमांकावर फोन केला तरी वाट दाखवितात. बाईबरोबर पहिल्या दिवशी कोर्टात कोणीतरी जावे. ती मंडळीतील शिक्षिका असेल तर उत्तम, उपदेशक असेल तरी चालेल.

शास्त्रपाठाच्या दुसऱ्या वचनाविषयी सांगावयाचे राहिले. पंचविसाव्या अध्यायात अब्राहाम मरतो, आणि त्याला मकपेलाच्या गुहेत पुरावयास इसहाकाबरोबर इश्माएलही उभा आहे. ज्याला एका मसकेवर बाहेर काढले तो कोठून आला, त्याला कोणी निरोप धाडला, मधली वर्षे बापलेक कधी भेटले होते काय, हे शास्त्र सांगत नाही. आला एवढे सांगते.

आम्ही सुरतेहून परतल्यावर त्या जुन्या कागदाच्या ठिकाणी नवा अर्ज झाला. बाप आता दरमहा पैसे बँकेत भरतो; रक्कम थोडी आहे, पण तारीख चुकत नाही. मुलाचे नाव जूनमध्ये पुन्हा शाळेत घातले. भेटीकरिता महिन्याचा दुसरा रविवार ठरला आहे, कारण सुरतेहून भुसावळकडे येणाऱ्या गाडीने त्याला त्या दिवशी येता येते. पहिल्या खेपेस गाडीला उशीर झाला. उपासना संपली, मंडळी घरोघर गेली, तरी मुलगा मंदिराच्या पायरीवरून उठेना. आई आतील बाजूस, दाराआड, पाठ करून बसली होती. तिला नवऱ्याचे तोंड पाहावयाचे नव्हते, आणि मुलाला नेऊन घरी जावयाचेही नव्हते. दीड वाजता तो माणूस हातात केळ्यांची फणी घेऊन रस्त्याने येताना दिसला. मुलाने आमच्याकडे पाहून विचारले, "हाच का?" आम्ही होय म्हटले.